दादाचे फोटो, माझा धूर

आमच्या दादाला इंजिनाचा धूर फोटोत कधी पकडता आला नाही. इंजिन यायचं, चाकं यायची, ड्रायव्हरच्या मिशा यायच्या, शेडच्या पत्र्यावर बसलेला कावळासुद्धा यायचा. धूर तेवढा नाही. तरी आजही छोट्या लाईनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, जुन्या फोटोंचा विषय निघाला की लोक दादाचं नाव घेतात आणि म्हणतात, काय धूर असायचा हो त्यांच्या फोटोंत! मी तिथं असले तर गप्प बसते. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. पण मी तोंड उघडायच्या आतच दादा मोठ्या मनानं माझी ओळख करून देतो, आणि त्याच्या त्या मोठ्या मनाचाच मला जास्त राग येतो.

आमचा फोटो स्टुडिओ इतवारीत होता, छोट्या गाडीच्या स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर. स्टुडिओ म्हणजे पुढे दुकान, मध्ये पडद्याआड फोटो काढायची खोली आणि मागे अंधारी डार्करूम. बाबा फोटो काढायचे. दादा माझ्याहून थोडा मोठा. तो मॅट्रिक झाला तसा बाबांनी त्याच्या हातात कॅमेरा दिला. पुढे मी मॅट्रिक झाले तेव्हा माझ्या हातात पेन्सिल दिली. मार्क मला जास्त होते. हे मी त्या वेळी बोलून दाखवलं, नंतरही दाखवलं, आणि आताही दाखवते आहे.

पेन्सिल रिटचिंगची. रिटचिंगचं टेबल म्हणजे एक उतरती लाकडी चौकट, मधोमध दुधी काच आणि खाली आरसा. खिडकीतला उजेड आरशावरून काचेवर येतो. त्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं माणसांच्या तोंडावरचे देवीचे व्रण, मुरमं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं भरून काढायची. इतवारी-महालातल्या कितीतरी लग्नाच्या मुलींना मी त्या खिडकीत बसून गोरं केलं. त्यातल्या काही आजही भेटल्या की माझ्याकडे जरा जपूनच बघतात.

निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. त्यामुळे शेडमधली इंजिनं मी आधी पाहिली ती पांढरी, काळ्या आभाळाखाली उभी असलेली. उमरेडला मावशीकडे जाताना छोट्या गाडीत बसले होते मी, नाही असं नाही. पण बायकांचा डबा मागे असायचा. इंजिन म्हणजे पुढे कुठेतरी होणारा आवाज आणि डोळ्यांत जाणारी कोळशाची कचकच, एवढीच आमची ओळख.

आणि दादा मात्र इंजिनाजवळ जायचा. दसऱ्याला तर जायचाच जायचा.

त्या काळी इंजिन ठरलेल्या ड्रायव्हरचं असे. ड्रायव्हर, फायरमन आणि कोळसा पुढे सारणारा आगवाला, अशा तिघांच्या ताब्यात एक इंजिन. ते 'आमचं इंजिन' म्हणत आणि दुसऱ्या कुणी त्याला हात लावलेला त्यांना खपत नसे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मोतीबागेकडच्या शेडात पोळ्याला बैल सजवावेत तशी इंजिनं सजत. पितळेचे भाग चिंचेनं घासायचे, काळं अंग तेलाच्या चिंध्यांनी पुसायचं, पुढे केळीचे खांब बांधायचे, झेंडूच्या माळा सोडायच्या. मग पूजा झाली की आपापल्या इंजिनापुढे उभं राहून फोटो. तो फोटो घरात देवाच्या फोटोशेजारी लागायचा, म्हणून त्यात काही कमी-जास्त झालेलं चालत नसे.

कमी एकच गोष्ट पडायची. पूजेला उभ्या असलेल्या इंजिनात आग मंद ठेवलेली असते, धुराड्यातून काही निघत नाही. आणि ही मंडळी फोटो हातात घेऊन म्हणायची, "बिनधुराचं इंजिन मेल्यावानी दिसते ना बाप्पा. धूर काहून नाही आला?" बाबांनी पहिल्या वर्षी समजावून पाहिलं. पुढच्या वर्षी समजावणं सोडलं, फोटो घेऊन मागे आले आणि माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "याले जरासा धूर घालून दे."

तेव्हापासून धूर माझ्याकडे आला. बिनचमकीच्या कागदावर मोठी प्रत काढायची, पेन्सिलीच्या शिशाची भुकटी करायची, कापसाच्या बोळ्यानं ती आभाळावर हलकी फिरवायची, मग रबराचं टोक काढून त्यात उजेड पाडायचा. कडा बोटानं पुसायच्या, नाहीतर धूर गोधडीसारखा दिसतो. जमलं की त्या प्रतीचा पुन्हा फोटो घ्यायचा आणि त्यावरून लागतील तेवढ्या प्रती काढायच्या. कुणाला काही कळायचं नाही. आभाळभर धूर सोडून इंजिन आता निघणारच असं वाटायचं आणि माळ घातलेली तीन माणसं पुढे खुशाल हात बांधून उभी.

दादा प्रती पोचवायला जायचा आणि कौतुक गोळा करून आणायचा. त्याच्या बुटांना कोळशाची भुकटी, कपड्यांना तेलाचा वास, खिशात प्रसादाचा पेढा. पेढा मला देत असे, तेवढं त्याचं खरं. मग जेवताना सुरू व्हायचं. कोणत्या इंजिनाची शिट्टी कशी, आग उघडली की तोंडाला कशी धग लागते, वळणावर गाडी कशी अंग टाकते. दोनदा तर त्या लोकांनी त्याला इंजिनावर उभं करून पुढच्या स्टेशनापर्यंत नेलं होतं. मी भात कालवत ऐकायची आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. एकदा दुपारी मी खिडकीत बसून एका नवरदेवाच्या कपाळावरचा डाग काढत होते, तेवढ्यात शेडाकडून शिट्टी आली. लांबलचक, मग दोन तुटक. अशी शिट्टी कुणी ड्रायव्हर वाजवत नाही. मला कळलं, दोरी दादाच्या हातात आहे. माझ्या पेन्सिलीचं टोक तिथल्या तिथे मोडलं आणि नवरदेवाच्या कपाळावर नवा डाग आला.

"मलेबी शेडात यायचं आहे," मी म्हणायची.

"शेडात बायकांचं काय काम?" बाबा म्हणायचे.

"कपडे काळे होतीन वं तुझे," दादा म्हणायचा. माझी दहाही बोटं शिशानं काळी असायची, हे त्याला दिसत नसे.

मला इंजिनावर बसायचं नव्हतं. शिट्टीची दोरी ओढायला मिळाली असती तर नाही म्हटलं नसतं, पण तो हट्ट नव्हता. मला एक फोटो हवा होता. मी उभी राहीन, मी ठरवीन कुठून घ्यायचा, मी बटण दाबीन, आणि त्यातल्या इंजिनाला स्वतःचा धूर असेल. एवढंच. दादाला असे फोटो वर्षाला ढीगभर काढता येत होते आणि त्याला ते नकोसे झाले होते. सकाळी लवकर उठावं लागतं म्हणून तो कुरकुरायचा. ती कुरकुर ऐकली की मला वाटे, याच्या गळ्यातला कॅमेरा हिसकावून घ्यावा आणि सरळ चालायला लागावं.

मग ती चूक झाली.

शेडात एक वयस्क ड्रायव्हर होता. दसऱ्याला त्याचं सगळं घर दीक्षाभूमीवर असायचं. पूजेला तो नसायचा, नारळही फोडायचा नाही, पण आदल्या दिवशी इंजिन घासायला सगळ्यांत पुढे तोच. फोटो मात्र त्याला आपल्या इंजिनासोबत हवाच असे, म्हणून दादा त्याचा फोटो दुसऱ्या दिवशी वेगळा काढायचा. त्या वर्षी कुणीतरी केळीचे खांब जरा जास्तच उंच बांधले होते. धुराडं पूर्ण पानांत गेलं होतं. निगेटिव्हवर मला पानांच्या मागे एक गोल टोपासारखं काहीतरी दिसलं आणि मी निर्धास्तपणे त्यातून धूर काढला. धूर फार सुरेख निघाला. दादानं प्रती मोजल्या, पाकिटात घातल्या आणि पोचवल्या.

दोन दिवसांनी ड्रायव्हर दुकानात आला. फोटो स्वच्छ रुमालात गुंडाळून आणला होता.

"भाऊ, याच्यात धूर कोनं काढला?" त्यानं बाबांना विचारलं.

"इंजिनानंच काढला असंन," बाबा म्हणाले.

"इंजिनानं असा धूर काढला असता तं मी तुमच्यासमोर उभा नसतो राह्यलो." त्यानं फोटोवर बोट ठेवलं. "हे धुराडं नाही. हा डोम आहे. याच्यात वाफ जमा होते. इथून धूर निघाला म्हणजे बॉयलर फुटला, अन् बॉयलरसंगं आम्ही तिघं बी गेलो."

मी पडद्याआडून ऐकत होते. पेन्सिल हातात तशीच घेऊन बाहेर आले. त्यानं माझी बोटं पाहिली आणि हसला.

"तू काढते का वं धूर?"

"हो."

"चांगला काढते. जागा तेवढी चुकली. जवळून इंजिन नाही पाह्यलं का कधी?"

"नाही."

"काहून?"

मी बाबांकडे पाहिलं, बाबांनी दादाकडे, आणि दादा बाहेर सायकलवरून कोण चाललं आहे ते बघायला लागला.

"आना एकखेप पोट्टीले शेडात," ड्रायव्हर म्हणाला.

"आनू," बाबा म्हणाले. आमच्या घरात 'आणू' याचा अर्थ 'नाही' असा होता.

संध्याकाळी दादानं एका पुठ्ठ्यावर इंजिनाचं चित्र काढलं, धुराड्याला बाण दाखवला, बाणाशेजारी 'धूर इथून' असं लिहिलं आणि पुठ्ठा माझ्या टेबलावर खिळ्यानं ठोकला. मी तो काढून टराटरा फाडला. दुसऱ्या दिवशी तुकडे चिकटवून पुन्हा लावला, कारण मला त्याची गरज होती. पण एक गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. तो फोटो दादानं काढला होता. इंजिनासमोर तो उभा होता, निगेटिव्ह त्यानं धुतली होती, प्रती त्यानं हातात घेऊन मोजल्या होत्या. डोमातून धूर निघतो आहे हे त्याला दिसलं कसं नाही? त्याला कुणी विचारलं नाही. मी विचारलं, तर म्हणाला, "मी काय फोटो पाहत बसतो का?"

पुढची काही वर्षं अशीच गेली. माझं लग्न झालं, पण महालात, म्हणजे दुकानापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर. दुपारची कामं आटोपून मी टेबलावर येत राहिले. मधल्या काळात कॅमेराही माझ्या हाती आला, अर्धा. कामठीहून बुरख्यातल्या बायका फोटो काढायला यायच्या. पुरुषासमोर तोंड उघडायला त्या तयार नसत, तेव्हा बाबांना मला पुढे करावं लागलं. म्हणजे पडद्याच्या आत कॅमेरा माझा, दाराबाहेर दादाचा. दादाला ही वाटणी अगदी न्यायाची वाटत होती.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तो ड्रायव्हर निवृत्त व्हायचा झाला. त्या लोकांत पद्धत होती, शेवटची गाडी घेऊन ड्रायव्हर स्टेशनात शिरताना रुळांवर फटाके ठेवायचे. धुक्यात ड्रायव्हरला सावध करायला रुळावर लावतात ते. इंजिनाची चाकं त्यांच्यावरून गेली की ते एकामागून एक उडतात आणि सगळ्या इतवारीला कळतं की कुणीतरी आज शेवटचा हात इंजिनावर ठेवला. तर त्या शेवटच्या गाडीचा फोटो सांगायला तो दुकानात आला आणि बाबांना म्हणाला, "फोटो पोट्टीनं काढाव."

मी तेव्हा एका मुलाची आई होते, पण त्याच्या लेखी पोट्टीच.

"ते स्टुडिओत काढते, भाऊ. बाहेर नाही," बाबा म्हणाले.

"मंग आता बाहेर काढन. इतके साल आमच्या इंजिनाले धूर घालून राह्यली, खरा धूर कसा निघते ते पाहू द्या ना तिले."

बाबांना नाही म्हणता आलं नाही. दादा रात्री ताटावरून लवकर उठला असं वहिनीनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "लाकडी कॅमेरा नेशील तं स्टँड कोन उचलन?" म्हणजे तो येणार होता.

प्लॅटफॉर्मच्या टोकाला, जिथून रूळ वळून येताना दिसतात तिथं मी जागा धरली. चार वाजून गेले होते, ऊन पाठीशी होतं. मोठ्या कॅमेऱ्याचं असं असतं की आधी काळ्या कापडाखाली शिरून काचेवर बघून फोकस करायचा, मग प्लेट आत घालायची. एकदा प्लेट घातली की आतलं काही दिसत नाही. म्हणून मी रुळाचा एक सांधा निवडला, त्याच्यावर फोकस बांधला. इंजिन त्या सांध्यावर आलं की दाबायचं. दादानं कापडाखाली डोकं घालून फोकस हलवला. मी परत बांधला. त्यानं स्टँडचा एक पाय सरकवला. मी परत जागेवर आणला.

"दादा, हात काढ," मी म्हटलं. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली, एवढ्यानं. त्यानं हात काढले आणि स्टँड नुसता धरून उभा राहिला.

पहिला फटाका उडाला. मग दुसरा, तिसरा. वळणावरून इंजिन आलं. मी कापडाखाली नव्हते, कॅमेऱ्याशेजारी उभी होते, हातात बटणाची केबल. माझ्यात आणि इंजिनात काच नव्हती, आरसा नव्हता. काळं इंजिन मी त्या दिवशी पहिल्यांदा समोरून पाहिलं. धूर धुराड्यातूनच निघत होता. पण मी इतकी वर्षं काढला तसा वर जात नव्हता. ड्रायव्हरनं वाफ बंद केली असावी. धूर वरून खाली लोळत आला, बॉयलरला लपेटून मागे जायला लागला. धुराला असंही करता येतं हे माझ्या मनातही कधी आलं नव्हतं. ड्रायव्हर बाहेर वाकून हात हलवत होता. इंजिन सांध्यावर आलं आणि मी दाबलं.

मला इतका आनंद झाला की मी दादाकडे बघून हसले. दादा माझ्याकडे बघत नव्हता. गाडी थांबल्यावर हार, गुलाल, रडणं-हसणं सुरू झालं, ड्रायव्हर खाली उतरला, त्याच्या घरची मंडळी इंजिनाला टेकून उभी राहिली. तेवढ्यात दादानं खिशातून छोटा कॅमेरा काढला आणि पटापट तीन-चार फोटो घेतले. स्टँड धरायला आलेला माणूस खिशात कॅमेरा घालून आला होता.

माझी प्लेट मी स्वतः धुतली. इंजिनाचा पुढचा भाग लखलखीत, रुळांचा सांधा स्वच्छ, आणि तिथून मागे सगळा धूर. दाट, लोळणारा, खरा. ड्रायव्हर त्यात बुडाला होता. धुरातून बाहेर आलेला त्याचा एक हात तेवढा दिसत होता, कोपरापासून पुढे. मी प्रत सुकत घातली आणि तिच्यासमोर बसून राहिले. मला वाटलं, यापेक्षा चांगला फोटो आमच्या दुकानातून आजवर बाहेर पडलेला नाही. आजही मला तसंच वाटतं.

ड्रायव्हर आणि त्याचा मुलगा फोटो न्यायला आले. मुलानं माझा फोटो हातात घेतला, उजेडात धरला. "याच्यात बाबा कुठी आहेत?" त्यानं विचारलं.

ड्रायव्हरनं फोटो बराच वेळ पाहिला. "धूर बराबर निघाला," तो म्हणाला आणि हसला. पण भिंतीवर लावायला त्यांनी दादाचा निवडला. त्यात ड्रायव्हर हार घालून उभा होता, चेहरा साफ, घरची मंडळी शेजारी, मागे इंजिन. मुलगा दारातून परत वळला आणि म्हणाला, "पन याच्यात धूर नाही. ताई, थोडा घालून द्याल?"

बाबांनी फोटो माझ्या टेबलावर ठेवला. मला रडू आलं नाही. मला दादाचं तोंड बघवत नव्हतं एवढंच. तो गुणगुणत फिल्म गुंडाळत होता. मी माझा फोटो समोर ठेवला आणि त्याच्यावर बघून दादाच्या इंजिनाला धूर घातला. वरून खाली लोळणारा, बॉयलरला लपेटणारा, फक्त ड्रायव्हरचा चेहरा मोकळा सोडून. मी तो धूर रागानं काढला आणि तो माझ्या हातून निघालेल्या सगळ्या धुरांत उत्तम निघाला. माझी प्रत मी दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून घरी नेली. ड्रायव्हर पुढे पारशिवनीकडे शेतावर राहायला गेला आणि काही वर्षांनी तिथंच वारला, असं कानावर आलं.

ऐंशीच्या पुढे छोट्या लाईनवर डिझेल आलं. वाफेची इंजिनं जाणार म्हणताच गावातल्या काही हौशी लोकांना एकदम त्यांचा पुळका आला. सीताबर्डीच्या एका हॉलमध्ये त्यांनी जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं. बाबा तेव्हा नव्हते. दादानं दुकानातले फोटो दिले आणि अख्खी एक भिंत त्याच्या नावानं लागली. प्रत्येक फोटोखाली छापील पट्टी, पट्टीवर त्याचं नाव. मधोमध तो निवृत्तीचा फोटो, सगळ्यांत मोठा करून.

मी पदर खोचून एका कोपऱ्यात उभी राहिले आणि ऐकत होते. "काय धूर पकडलाय!" "याला म्हणतात नेमकी वेळ साधणं." एक गृहस्थ तर आपल्या मुलीला समजावून सांगत होते की धुराच्या रंगावरून कोळसा हलका आहे हे कसं ओळखायचं. तो कोळसा नव्हता, टूबी पेन्सिल होती. दादा भिंतीजवळ हात मागे बांधून उभा होता आणि लोक येऊन त्याच्याशी हात मिळवत होते. मला तो हॉल सोडून जावंसं वाटत होतं आणि पाय निघत नव्हता.

संयोजक म्हणजे एक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी दादाला चार शब्द बोलायला उभं केलं. दादा म्हणाला, "फोटो माझे आहेत, पण धूर माझा नाही. धूर सगळा माझ्या बहिणीनं हातानं काढलेला आहे." आणि माझ्याकडे बोट केलं.

लोक हसले, टाळ्या वाजल्या. 'केवढा प्रामाणिक माणूस' असं दोघंतिघं बोलले. माझ्याकडे बघूनही काहीजणी हसल्या. पण प्राध्यापक हसले नाहीत. ते भिंतीपाशी गेले, चष्मा वर करून एकेक फोटो पाहत राहिले, मग दोन-तीन मंडळींना बोलावून कोपऱ्यात कुजबुजले. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. प्रदर्शन इतिहासाचं, आणि इतिहासात हातानं घातलेला धूर कसा चालणार? चहा येईपर्यंत त्यांनी धूर असलेले सगळे फोटो उतरवले. भिंतीवर खिळे आणि पट्ट्या राहिल्या. म्हणजे दादानं मला श्रेय दिलं, त्याला प्रामाणिकपणाच्या टाळ्या मिळाल्या, आणि माझं काम भिंतीवरून खाली आलं. असं औदार्य शत्रूलाही कुणी दाखवू नये.

"तुमच्याकडे हात न लावलेला एखादा असेल का?" प्राध्यापकांनी जाता जाता विचारलं. त्यांनी दादाला विचारलं होतं. दादानं नाही म्हणून मान हलवली. मी म्हटलं, "आहे."

दुसऱ्या दिवशी मी माझी प्रत नेऊन त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती भिंगातून तपासली, पाठ तपासली, आणि मधल्या मोठ्या खिळ्याला लावली. खाली पट्टी कालचीच होती.

दादा दुपारी आला. त्या फोटोसमोर थांबला आणि हलेना. आयुष्यभर प्रती मोजून पाकिटात घालणारा माणूस पहिल्यांदा एक फोटो पाहत उभा होता. लोळणारा धूर, सांध्यावरचं चाक, तो हात. मी जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिले.

"हा मी कधी काढला वं?" त्यानं विचारलं. अगदी मनापासून विचारलं.

"तू नाही काढला. मी काढला. तू स्टँड धरला होता."

तो पुन्हा फोटोकडे वळला. "आन् धूर?"

"इंजिनाचा आहे."

त्याच्या तोंडावर जे आलं ते मी ताबडतोब ओळखलं. त्याच्याकडे बघत जेवणाऱ्या माझ्या तोंडावर ते कित्येक वर्षं होतं. मला त्याची दया यायला हवी होती. मला बरं वाटलं, फार बरं वाटलं.

मग त्यानं खिशातून पेन काढलं, वाकला आणि पट्टीवरचं स्वतःचं नाव खोडलं. नीट, दोन रेघा मारून. पेनाला टोपण लावलं आणि ते परत खिशात घालायला निघाला. मी त्याच्या हातून पेन घेतलं.